अगं पिवळं ओव्हर गेलंय

मिरजेच्या मामाने लॅपटॉपवर माझे फोटो उघडले आणि पहिलं वाक्य हे म्हणाला. शाब्बास नाही, बरं आलंय नाही, काही नाही. समोर एका नवरीच्या हळदीचे साडेतीनशे फोटो होते आणि त्यातल्या निम्म्यांत नवरीच्या गालावर हळद नव्हतीच, ऑइलपेंटचा ब्रश फिरवल्यासारखा नुसता सपाट पिवळा पट्टा होता. बोटांचे फराटे नाहीत, ओलेपणा नाही, काही नाही. आणि कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर तेच फोटो मला लय भारी दिसले होते, दोन तर मी तिथल्या तिथे मैत्रिणींना पाठवून पण झाले होते.

आधी सांगते मी कोण. सांगलीत राहते, बीकॉम सेकंड इयर, शनिवार-रविवार एका फोटोग्राफीच्या क्लासला जाते आणि सीझनला मामाबरोबर लग्नं करते (म्हणजे शूट करते, आईने हे वाक्य शेजारच्या काकूंसमोर ऐकलं तेव्हा तिचा चेहरा बघायला पाहिजे होता). सुरुवातीला माझं काम फक्त लाईट धरायचं, मग बॅटऱ्या चार्जिंगला लावायचं, आणि गेल्या मे महिन्यात प्रमोशन होऊन "तू हळदीला सेकंड कॅमेरा कर" इथपर्यंत आलं. कारण काय तर हळदीला बायकांच्या घोळक्यात मामाला शिरता येत नाही आणि मला येतं. एवढंच माझं क्वालिफिकेशन.

तर मामा म्हणाला, "मीटर काय दाखवत होता?"

म्हटलं बरोबर मधोमध होता की. (मीटर म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा, मधोमध म्हणजे उजेड बरोबर.)

"मीटरला हळद कळत न्हाई."

मला वाटलं नेहमीसारखा डायलॉग मारतोय, मामाला ती सवय आहे. पण पुढच्या रविवारी क्लासमध्ये सरांना विचारलं तर त्यांनी फळ्यावर चौकोन चौकोन काढून दाखवलं आणि मग डोक्यात लख्ख झालं. सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलच्या तोंडावर एकाच रंगाची काच असते, लाल, हिरवी नाहीतर निळी, त्यात निम्म्या हिरव्या आणि उरलेल्या लाल-निळ्या. पिवळी काच नसतेच. लाल भरपूर आला, हिरवा भरपूर आला आणि निळा जवळजवळ आलाच नाही की कॅमेरा ठरवतो हे पिवळं आहे. आता मीटर बघतो सगळ्याची मिळून उजेडाची सरासरी, आणि हळदीत निळा इतका कमी की सरासरी काढली की सगळं सुखात वाटतं, आणि तिकडे लालचं भांडं काठोकाठ भरून ओसंडून गेलेलं असतं. एकदा ओसंडलं की गालावरचा जाड थर आणि पातळ थर दोन्ही सारखेच, कारण दोन्हीकडे आकडा एकच, फुल्ल. म्हणून पट्टा.

मी हिस्टोग्राम (फोटोत कुठला उजेड किती आहे त्याचा डोंगरासारखा आलेख, उजवं टोक म्हणजे फुल्ल) बघत नव्हते असं नाही, बघत होते, पण तो पांढरा एकटा वाला. त्याच मेनूत तीन रंगांचा वेगळा वेगळा दिसणारा पण असतो हे मला एक वर्ष कॅमेरा वापरून माहीत नव्हतं. आता हळद म्हटलं की तो चालू करते, लालचा डोंगर उजव्या भिंतीला टेकला की एक्सपोजर (म्हणजे सेन्सरवर पडणारा उजेड) दोन तृतीयांश स्टॉप खाली, कधी कधी अख्खा एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा. फोटो मागच्या स्क्रीनवर काळपट दिसतो, नवरीची करवली डोकावून म्हणते "ताई अंधार आलाय", आणि मी म्हणते येऊ दे, नंतर उचलते. नंतर उचलता येतं ते रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न शिजवलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढलं म्हणून. जेपीईजीत एका रंगाला २५६ पायऱ्या असतात, माझ्या कॅमेऱ्याच्या रॉमध्ये १४ बिट म्हणजे १६,३८४. अंधारातून वर ओढायला तेवढ्या पायऱ्या लागतात, नाहीतर जिन्याच्या पायऱ्या गाळून उडी मारल्यासारखे पट्टे दिसतात.

दुसरी भानगड व्हाइट बॅलन्सची, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा रंग सावरतो त्याची. ऑटोवर ठेवलं की कॅमेऱ्याला वाटतं अरे केवढं पिवळं, नक्की पिवळ्या बल्बखाली आहोत आपण, आणि तो बिचारा प्रामाणिकपणे निळं घालून ते काढायला जातो. म्हणजे नवरीची हळद फिक्की आणि शेजारच्या आजीचं पांढरं पातळ निळसर, राणीपाल जास्त झाल्यासारखं. मामा हळद सुरू व्हायच्या आधी पाटाजवळ एक कोरा पांढरा कागद धरून त्यावर बॅलन्स लॉक करतो. मीपण तेच करते आता, फक्त एकदा कागदाऐवजी कुणाचा तरी रुमाल धरला आणि त्या रुमालाला आधीच हळद लागलेली होती. त्या दिवशी सगळं वऱ्हाड निळं.

आणि हो, ५० एमएमच्या लेन्सबद्दल पण एक सांगायचंय. सगळे सांगतात पहिली लेन्स ५० घे, एफ १.८ (लेन्सचं तोंड किती उघडतं त्याचा आकडा, आकडा लहान तेवढं तोंड मोठं), स्वस्त आणि मस्त, मागचं छान ब्लर होतं. मीपण सेकंडहँड घेतली. पण माझा सेन्सर छोटा, १.६ चा क्रॉप, म्हणजे ५० ची ती ८० सारखी वागते, सगळं जवळ ओढून दाखवते. गावभागातल्या दहा बाय बाराच्या खोलीत हळद चालू असताना ८० घेऊन उभं राहून बघा. मागे सरकत सरकत मी कुलरवर बसले, कुलरमध्ये पाणी होतं. आता हळदीला १८-५५ चीच घेऊन जाते आणि ब्लरबिरचं नाव काढत नाही.

आता आईच्या अल्बमकडे येते, कारण हे सगळं डोक्यात इतकं का बसलंय ते त्याशिवाय कळणार नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी आठवीत होते. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे म्हणजे बघा. आम्ही वेळेत मिरजेला मामाकडे गेलो पण खालच्या खोलीतली आजीची ट्रंक राहिली, आणि ट्रंकेत आईबाबांच्या लग्नाचा अल्बम. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर अल्बमची वीट झालेली, वास तर विचारूच नका. बाबा ती उन्हात ठेवायला निघाले आणि मामा ओरडला, "वाळवू नका, ओढू तर अजिबात नका." त्याने टबात स्वच्छ पाणी भरलं आणि ती वीट त्यात सोडली. फोटो जो असतो तो कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात असतो, तो थर ओला असला की मऊ पडतो आणि चिकटतो, आणि तसाच वाळला की शेजारच्या फोटोला किंवा प्लास्टिकला कायमचा धरून बसतो, मग ओढलं की चेहराच सोलून येतो. पुन्हा भिजवला तर कधी कधी सुटतो. मामा एक एक कोपरा नखाने उचलत होता आणि मी आजोबांच्या जुन्या धोतरावर फोटो तोंड वर करून मांडत होते, पंख्याखाली, सावलीत. वर्तमानपत्रावर नाही, शाई लागते. दोन दिवस ते चाललं. दीडशेच्या आसपास फोटो होते, तीसएक वाचले.

त्यातला एक आईच्या हळदीचा. डावीकडचा खालचा कोपरा विरघळून गुलाबी झालाय, पण आईचा चेहरा आहे, आणि गालावर हळद आहे, खरी हळद, कुणाच्या तरी चार बोटांचे फराटे त्यात मोजता येतात. रोलच्या जमान्यातला फोटो, ज्याच्याकडे मामा काम शिकला त्या स्टुडिओवाल्यांनी काढलेला.

माझे पट्टे बघून झाल्यावर मी घरी येऊन तो फोटो काढून बघितला आणि खरंच राग आला. त्यांच्याकडे स्क्रीन नव्हती, हिस्टोग्राम नव्हता, एका रोलला ३६ फोटो. मामाला फोन करून विचारलं हे कसं काय. तो म्हणाला निगेटिव्ह फिल्म उजेड जास्त झाला तरी बराच सोसते, कमी झाला की मरते. डिजिटलचं उलटं. "फिल्मला उपाशी ठेवायचं नाही आणि डिजिटलला पोटाच्या वर वाढायचं नाही." मामाचा हा डायलॉग मात्र मी वहीत लिहून ठेवलाय.

व्हिडिओ हे आणि वेगळंच प्रकरण. फोटोत जी हुशारी केली ती व्हिडिओत चालत नाही. माझा पहिला व्हिडिओ एका रिसेप्शनचा, स्टेजवर एलईडीच्या माळाच माळा, आणि घरी येऊन बघते तर अख्ख्या स्टेजवरून काळे पट्टे वर सरकतायत, नवरा-नवरी जुन्या टीव्हीत लग्न करतायत असं वाटत होतं. कारण कॅमेऱ्यात एनटीएससी सेट होतं (अमेरिकेकडची व्हिडिओची पद्धत), सेकंदाला ३० फ्रेम, शटर १/६०, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा साठावा भाग उघडं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यावरचा साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, डोळ्याला दिसत नाही पण शटरला दिसतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की प्रत्येक फ्रेमला त्या लुकलुकण्याचे पूर्ण हिस्से मिळतात आणि सगळं शांत होतं. सेटिंग पाल (आपल्याकडची पद्धत) करायचं, २५ फ्रेम, १/५०, बस. एवढ्या एका ओळीसाठी एका रिसेप्शनची वाट लागली. मामाचा मेन कॅमेरा ठीक होता म्हणून गिऱ्हाईकाला काही कळलं नाही, मला मात्र पुढची तीन लग्नं पुन्हा लाईट धरायला उभं केलं.

मग क्लासमध्ये प्रोजेक्ट आला, दोन मिनिटांचा व्हिडिओ, आपल्या गावातला कुठलाही विषय. अर्ध्या वर्गाने गणपती मंदिर घेतलं, दोघांनी भडंग, आणि मी चिडून हळद घेतली. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, मार्केट यार्डात सौद्याच्या दिवसांत रस्त्यावरूनच नाकाला कळतं काय चाललंय ते, आणि मी इथे जन्म काढून एकदाही आत जाऊन बघितलेलं नव्हतं.

मार्चमध्ये गेले. सकाळची वेळ, पत्र्याच्या शेडमध्ये हळकुंडांचे ढीग, वरच्या फटीतून ऊन तिरकं येत होतं आणि हवेत हळदीची पूड तरंगत होती त्यामुळे ती किरणं नुसती दिसत नव्हती, हात लावता येईल अशी उभी होती. मी उजेडाकडे तोंड करून शॉट लावला, लालचा डोंगर बघून एक स्टॉप खाली घेतला आणि पहिल्यांदा मला स्क्रीनवर पिवळ्यात पिवळं दिसलं. ढिगाचं वेगळं, पुडीचं वेगळं, पोत्याला घासून लागलेलं वेगळं, आणि हमालांच्या बनियनचं तर तिसरंच, घामाने गडद झालेलं. त्या दोन मिनिटांसाठी मी सगळा क्लास माफ केला.

आणि मग मूर्खपणा केला. क्लोजअप घ्यायचा म्हणून तिथेच, त्या उडत्या पुडीत, लेन्स बदलली. तेव्हा काही कळलं नाही. संध्याकाळी परत येताना आयर्विन पुलाचा एक फोटो काढला, १९२९ चा दगडी पूल, खाली पाणी, वर मोकळं आकाश, एफ १६ वर. आकाशात आठ काळे ठिपके. मला वाटलं पक्षी. पुढच्या फोटोत तेच आठ पक्षी त्याच जागी. सेन्सर साफ करायला जे पैसे गेले त्यात एक एनडी फिल्टर (लेन्ससमोर लावायची उजेड अडवणारी काच) आला असता.

एनडी का, तर बाहेर ट्रक उतरवतानाचे शॉट सगळे गेले. भर उन्हात आयएसओ (सेन्सर उजेड किती वाढवून घेतो त्याचा आकडा) १०० आणि शटर १/५० ठेवलं तर लेन्सचं तोंड एफ २२ पर्यंत मिटावं लागतं, आणि इतकं मिटलं की चित्र मऊ पडतं. मला पाहिजे होतं एफ २.८, म्हणजे सहा स्टॉप जास्त उजेड, मग मी शटरच १/३२०० वर नेलं. एक्सपोजर बरोबर आलं, पण पोतं पाठीवर घेऊन चालणारी माणसं झटके देत चालल्यासारखी दिसतात, हालचालीतला जो थोडासा हललेपणा असतो तोच गायब. उजेड ६४ पटीने अडवणारी काळी काच, एनडी ६४, समोर लावली असती तर सगळं जमलं असतं. नंतर मामाकडे ती होती हे कळलं. मागितली असती तर दिली असती पण मला तेव्हा "माझं मी करते" करायचं होतं.

आता आवाजाचं. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला आणि याबद्दल फोटोवाली माणसं बोलतच नाहीत. तिथे एक व्यापारी ढिगातून हळकुंड उचलायचे, दोन्ही हातांनी मोडायचे, आतला रंग बघायचे आणि टाकायचे. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडताना धातूसारखं वाजतं, कण्ण असा बारीक आवाज, आणि ओलसर असलं तर नुसतं वाकून कच्च करतं. ते म्हणाले, "बघायच्या आधी ऐकायचं असतं." मी शॉट घेतला, हात, हळकुंड, मोडलेला नारंगी काप, दहा आकडे मोजून धरला (मामाचा नियम, शॉट लावला की मनात दहापर्यंत मोजायचं, हात शिवशिवले तरी हलायचं नाही). चित्र एकदम कडक. घरी येऊन हेडफोन लावले तर काय, ट्रकचा रिव्हर्स हॉर्न, कुणीतरी "ए सरक की रं", पंखा, आणि त्या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी ते कण्ण, नसल्यासारखं. कॅमेऱ्यावरचा माइक समोरचं आणि मागचं असा भेद करत नाही, जे मोठं तेच ऐकतो.

मग आईकडून पाव किलो हळकुंडं आणली, दुपारी दार-खिडक्या लावून, पंखा बंद करून, गोधडी डोक्यावरून घेऊन आत मोबाइल आणि मी, आणि एक एक हळकुंड मोडत बसले. घामाच्या धारा. बाबांनी दार उघडलं, बघितलं आणि काही न विचारता परत लावलं. अकराव्या हळकुंडाला पाहिजे तसा आवाज मिळाला. एडिटमध्ये मी तो चित्राच्या अर्धा सेकंद आधी टाकला, म्हणजे स्क्रीन काळी, कण्ण, आणि मग हात दिसतो. ही ट्रिक माझी नाही, आवाज आधी आणि चित्र मागून असा कट सगळेच वापरतात, पण स्वतः गोधडीत उकडून काढलेला आवाज तिथे बसला की वेगळंच वाटतं. हळकुंडं वाया नाही गेली, आईने दळून आणली.

सरांनी व्हिडिओ बघून पहिले वीस सेकंद कापायला सांगितले. नेमके ते किरणांचे. म्हणाले सुंदर आहे पण काही घडत नाहीये. दोन दिवस मी तोंड फुगवून होते, मग कापले, आणि व्हिडिओ खरंच बरा झाला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्याच तासाला ते बाबूराव पेंटरांबद्दल बोलले, आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे, नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस, त्यांनी १९१८ च्या सुमाराला सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. घडवला. आणि मी एनडी फिल्टर नाही म्हणून रडतेय. (तरी पाहिजेच आहे मला तो.)

शेवटचं. यार्डातल्या एका हमाल काकांचा एक फोटो फार चांगला आला होता, पोत्याला टेकून बसलेले, भुवयांवर हळद बसलेली, एक एक केस पिवळा दिसतो. काढताना ते म्हणाले होते, "माझा कशाला काढताय, हळदीचा काढा की." आईच्या अल्बमचं डोक्यात होतंच, त्यामुळे मी ठरवलं की यांना कागदावरचा फोटो द्यायचा. मामाकडून आठ बाय बारा प्रिंट काढली, पिवळा नीट यावा म्हणून तीनदा काढायला लावली, मामाने तिसऱ्यांदा शिव्या घातल्या, आणि परवा यार्डात जाऊन दिली.

काकांनी हात बनियनला पुसले, फोटो धरला, बराच वेळ बघितला. शेजारच्याला दाखवला. मग परत माझ्या हातात दिला.

"लई झ्याक हाय. पण ह्यो कुठं ठिवू मी, घरी गळतंय. व्हॉट्सपला टाक की, पोरगीला पुण्याला पाठवतो."

तिथेच उभी राहून पाठवला. त्यांच्या मोबाइलवर उघडला तर भुवयांचा परत पट्टा झालेला, व्हॉट्सॲपने दाबून दाबून सगळं पिवळं एक करून टाकलेलं. म्हटलं काका थांबा, डॉक्युमेंट म्हणून पाठवते.

ते म्हणाले, "डाकुमेंट कशाला? आधार कार्ड लागतंय का त्याला?"